व्हॉट्सॲप बिझनेस: घरगुती फराळ-मसाल्याच्या धंद्याला पुरतं का?

घरी चकली, भाजणी, गोडा मसाला, मेतकूट करून विकणाऱ्याला पहिलं ऑनलाइन दुकान मांडायचं असेल, तर आज सर्वात स्वस्त जागा व्हॉट्सॲप बिझनेस हीच आहे. भाडं नाही, विक्रीवर कमिशन नाही, आणि गिऱ्हाइकाला नवीन काही शिकावं लागत नाही. जानेवारी २०१८मध्ये आलेलं हे ॲप आता चांगलं मुरलंय. मात्र ते गल्ल्यावर बसणारं ॲप आहे. ओळखीचं गिऱ्हाईक सांभाळायला ते उत्तम. अनोळखी गिऱ्हाईक आणून देणं त्याला जमत नाही. हे आधी लक्षात घेतलं नाही की तुटपुंजं भांडवल भलत्याच ठिकाणी खर्च होतं.

सुरुवात नंबरापासून. एकच नंबर साध्या व्हॉट्सॲपवर आणि बिझनेसवर एकाच वेळी चालत नाही. घरचाच नंबर इकडे वळवला तर नातेवाइकांचे सुप्रभात आणि 'दोन किलो शेव पाहिजे' एकाच यादीत येतात, आणि ऑर्डर हमखास निसटते. वेगळं सिम घ्या. दोन सिमच्या फोनवर दोन्ही ॲप शेजारी-शेजारी सुखाने चालतात. घरात लँडलाइन असेल तर तीही चालते: नोंदणीच्या वेळी एसएमएसऐवजी फोन करण्याचा पर्याय निवडायचा, सहा आकडी कोड कानाने ऐकून टाकायचा. नव्या सिमचं रिचार्ज मात्र चुकवू नका. वापरात नसलेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्याला देते, आणि मग शेकडो पाकिटांवर छापलेला तुमचा नंबर दुसऱ्याच माणसाकडे वाजतो. पहिल्याच दिवशी दोन टप्प्यांच्या पडताळणीचा पिन लावा. 'चुकून तुमच्या नंबरावर कोड आलाय, जरा सांगता का' असा फोन येतो, कोड सांगितला जातो आणि खातं परक्याच्या हातात जातं. पिन लावलेला असेल तर नुसत्या कोडाने तसं होत नाही.

ॲपची खरी ताकद कॅटलॉगमध्ये, म्हणजे वस्तूंच्या सचित्र यादीत आहे. त्यात ५०० वस्तू बसतात आणि प्रत्येक वस्तूला १० फोटो लावता येतात, पण घरगुती धंद्याला आठ-दहा वस्तू भरपूर झाल्या. एक नोंद जवळून बघू. नाव लिहा 'भाजणीची चकली, ५०० ग्रॅम'. वजन नावातच हवं, कारण यादीत खालचा मजकूर पूर्ण दिसत नाही. किंमत भराच. रकाना रिकामा ठेवला तरी ॲप चालवून घेतं, पण मग दिवसभर 'भाव काय?' एवढंच येत राहतं, आणि तुमचे हात पिठात असताना उत्तर उशिरा गेलं की विचारणारा दुसरीकडे वळतो. वर्णनात चार गोष्टी लिहा: पाकिटात साधारण किती नग येतात, तेल कोणतं, तीळ-शेंगदाणे आहेत का (ॲलर्जी असणाऱ्याला हे कळलंच पाहिजे), आणि बंद डब्यात किती दिवस टिकते. पाचवी ओळ 'ऑर्डरनंतर दोन दिवसांत रवाना' अशी. भारतातल्या दुकानांसाठी मूळ देशाचा रकानाही असतो, तो भरून टाका.

फोटो ट्यूबलाइटखाली काढू नका. चकली पिवळट आणि तेलकट दिसते. सकाळी खिडकीजवळ, उजेड बाजूने येईल असं ताट ठेवा. ताट स्टीलचं नको, त्यात छताचं प्रतिबिंब पडतं. गडद रंगाची साधी थाळी किंवा लाकडी पाट घ्या. पहिला फोटो अख्ख्या चकल्यांचा. दुसऱ्या फोटोत एक चकली मोडून आतली पोकळ नळी दिसू द्या. जाणकार गिऱ्हाईक तेच बघतं. आत घट्ट, भरीव दिसली की तिला खुसखुशीतपणा नाही हे त्याला न खाता कळतं. तिसरा फोटो बंद पाकिटाचा, शेजारी चहाचा कप ठेवून, म्हणजे आकाराचा अंदाज येतो आणि 'एवढंसंच आलं' ही तक्रार उरत नाही. कॅटलॉगात फोटो चौकोनी कापला जातो, तेव्हा चारही बाजूंनी जागा सोडा.

कॅटलॉगात टाकलेली वस्तू व्हॉट्सॲप कंपनी तपासते आणि नियमात न बसणारी नाकारते. दारू, तंबाखू, औषधं तिथे चालत नाहीत. डिंकाचे लाडू चालतात, पण वर्णनात 'कंबरदुखीवर रामबाण' लिहिलं की तो औषधाचा दावा होतो. खाद्यपदार्थावर असा दावा करणं कायद्यालाही मान्य नाही. 'डिंक, खारीक, सुकं खोबरं, साजूक तूप' एवढं लिहा. कशासाठी घ्यायचे ते आपल्याकडच्या घराघरांत माहीत असतं.

संपलेली वस्तू काढून टाकू नका, लपवा. लपवण्याची सोय ॲपमध्ये आहे, आणि पुन्हा घाणा निघाला की तीच नोंद फोटोंसकट परत दाखवता येते. शिलकीचा हिशेब मात्र हे ॲप ठेवत नाही, आणि ही त्याची सर्वात मोठी उणीव. बारा पाकिटं असताना पंधरा जणांनी कार्टमधून ऑर्डर पाठवली तर पंधराही येतील. कार्टची ऑर्डर म्हणजे फक्त वस्तू आणि नग लिहिलेला एक संदेश असतो. पक्की कधी होते ते तुम्ही ठरवायचं. 'पैसे जमा झाले की ऑर्डर पक्की' हे वाक्य पहिल्या उत्तरातच जाऊ द्या.

ठरलेल्या उत्तरांची सोय जवळजवळ सगळे दुर्लक्षित ठेवतात, आणि वेळ वाचतो तो नेमका तिथेच. ५० उत्तरं साठवता येतात, तिरकी रेघ टाकून खूण लिहिली की अख्खा मजकूर उमटतो. खुणा आकड्यांत ठेवा, म्हणजे कीबोर्डची भाषा बदलावी लागत नाही: /१ ला भाव आणि पोस्टेज, /२ ला पैसे कसे पाठवायचे, /३ ला 'पूर्ण पत्ता, पिनकोड आणि दुसरा फोन नंबर पाठवा', /४ ला 'पार्सल रवाना झालं'. स्वागताचा आपोआप जाणारा संदेश नव्या माणसाला जातो, किंवा १४ दिवस बोलणं झालेलं नसेल तर पुन्हा जातो. दोन ओळींचा पुरे. 'सध्या उपलब्ध नाही' हा संदेश वेळापत्रक लावून पाठवता येतो, पण त्या वेळी फोनचं इंटरनेट चालू असेल तरच. रात्री डेटा बंद करून झोपणाऱ्यांना तो जातच नाही आणि मग ॲप बिघडलं असं वाटतं.

गप्पांना खूण म्हणून लावायची लेबलं वीसपर्यंत करता येतात; पाच पुरतात. 'पैसे यायचे', 'करायला घ्या', 'भरून तयार', 'रवाना', 'तक्रार'. प्रत्येक गप्पेचं लेबल बदलायला दोन सेकंद लागतात आणि संध्याकाळी 'भरून तयार' उघडलं की पोस्टात न्यायची पार्सलं समोर येतात. तरीही शेजारी एक वही ठेवा: तारीख, नाव, वस्तू, रक्कम, ट्रॅकिंग नंबर. दिवसाला पंधरा-वीस ऑर्डरींपर्यंत लेबल आणि वही मिळून एका माणसाला झेपतं. त्यापुढे गळती सुरू होते. संगणकासारखी चार जोडउपकरणं लावता येतात, तेव्हा घरातलं दुसरं कुणी उत्तरं देऊ शकतं, पण कोणी कोणाला काय कबूल केलं याचा गोंधळ टाळायला वहीच कामी येते.

आता धंदा वाढण्याची गोष्ट. तिचा सगळा भार एका साध्या कृतीवर आहे: गिऱ्हाइकाने तुमचा नंबर सेव्ह करणं. एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवणाऱ्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण घालता येतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो संदेश पोचतच नाही. स्टेटसचंही तसंच, दोघांनी एकमेकांचे नंबर सेव्ह केलेले असतील तरच ते दिसतं. म्हणजे यादीत अडीचशे नावं आहेत म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. पाठवलेल्या संदेशावर बोट दाबून त्याची माहिती उघडा, तिथे कोणाकोणाला पोचला ते दिसतं. अडीचशेपैकी साठ जणांनाच पोचला असेल तर तुमचं दुकान साठ जणांचं आहे, आणि पुढचा प्रत्येक रुपया उरलेल्यांकडे नंबर सेव्ह करून घेण्यावर गेला पाहिजे.

ते कसं करायचं? 'नंबर सेव्ह करा' असं नुसतं सांगून कुणी करत नाही. योग्य वेळ पार्सल रवाना होण्याची. तेव्हा गिऱ्हाइकाचं लक्ष फोनकडे असतं. ट्रॅकिंग नंबरासोबत स्वतःचं संपर्क-कार्ड पाठवा, ते एका टिचकीत सेव्ह होतं. कार्डावरचं नाव नुसतं आडनाव नको. 'चकली भाजणी डोंबिवली' असं ठेवा, म्हणजे सहा महिन्यांनी फोनमध्ये शोधताना सापडतं. शिवाय पाकिटाच्या मागे ॲपमधूनच मिळणारा क्यूआर छापा आणि खाली कारण लिहा: 'ताजा घाणा निघाला की कळवू'. जे सेव्ह करतात त्यांना वचन दिल्याप्रमाणे आठवड्यातून एकदाच लिहा. रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवणारं दुकान लोक आवाज बंद करून ठेवतात.

ग्रुप काढू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, लोकांना ते आवडत नाही, आणि एखाद्याचं पार्सल फुटलं की तक्रार शंभर जणांसमोर होते. एकतर्फी सांगायचंच असेल तर चॅनेल बरं. त्यात सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत.

एकगठ्ठा संदेशांचं सॉफ्टवेअर आणि हजारो नंबरांची तयार यादी विकणारे भेटतील. त्यांना थारा देऊ नका. न मागता संदेश गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी 'ब्लॉक' आणि 'रिपोर्ट' दाबलं की खातं बंद होतं, आणि त्याबरोबर कॅटलॉग, गप्पा, लेबलं सगळं अडकतं. फेरतपासणीची विनंती करता येते, पण दिवाळीच्या तोंडावर ते चार दिवस कोण भरून देणार? रंगीबेरंगी सोयी देणारी व्हॉट्सॲपची नकली रूपंही याच कारणाने टाळा. अधिकृत एपीआय, म्हणजे आपलं सॉफ्टवेअर व्हॉट्सॲपला जोडण्याची कंपनीचीच सोय, ही वेगळी गोष्ट आहे, तिच्यात संदेशामागे पैसे मोजावे लागतात; दिवसाला वीस ऑर्डरींच्या धंद्याला तिची गरज नाही. निळ्या टिकेची मासिक वर्गणीसुद्धा सुरुवातीला नको. तुमच्या चकलीची खात्री शेजारणीच्या शब्दाने पटते.

तीन हजार रुपये हाताशी असतील तर निम्मे नमुन्याच्या पाकिटांवर घाला. ५० ग्रॅमची पाकिटं, प्रत्येकावर क्यूआर, आणि ती वाटायची जागा विचारपूर्वक निवडा: सोसायटीतलं हळदीकुंकू, भिशी, योगवर्ग, ऑफिसात डबा खाणारी मंडळी. हजारभर रुपये पाकिटांवरच्या लेबलांना आणि स्टिकरांना. उरलेले पाचशे राखून ठेवा. पहिलं फुटलेलं पार्सल बदलून द्यायला तेच लागतील.

जाहिरात त्यानंतर. फेसबुक-इन्स्टाग्रामवर 'व्हॉट्सॲपवर संदेश पाठवा' असं बटण असलेली जाहिरात चालते, पण तिचा हिशेब संदेशांवर करू नका. समजा हजार रुपयांची जाहिरात केली. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११८०. चाळीस संदेश आले, चार ऑर्डरी झाल्या. एका ऑर्डरीमागे २९५ रुपये पडले, आणि अर्धा किलो चकलीत एवढं सुटत नाही. हा खर्च तेव्हाच भरून निघतो जेव्हा त्या चौघांनी नंबर सेव्ह केला आणि ते परत आले. म्हणून जाहिरातीत एकट्या चकलीऐवजी फराळाचा एकत्र खोका दाखवा, भाव चित्रावरच लिहा आणि परिसर पाच-सात किलोमीटरचा ठेवा, म्हणजे पोस्टेजचा प्रश्नच येत नाही. नुसतंच कुतूहल असणारे भाव बघूनच थांबतात, ते बरंच.

गुगलवरचं व्यवसाय-खातं हा या ॲपचा उत्तम जोडीदार, आणि तेही फुकट आहे. 'जवळपास घरगुती फराळ' असं शोधणारा माणूस विकत घ्यायच्याच तयारीत असतो. घराचा पत्ता लपवून फक्त सेवा देता तो परिसर दाखवता येतो. अट अशी की गिऱ्हाइकाशी प्रत्यक्ष संबंध हवा: माल घरपोच देता किंवा लोक येऊन नेतात. फक्त कुरिअरने विकणाऱ्या धंद्याला ते मिळत नाही. पडताळणीला बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात. त्यात रस्ता, दारावरची पाटी आणि ओट्यावर चाललेलं काम एकाच सलग चित्रणात येऊ द्या.

पैशांसाठी यूपीआय. बँक खात्यातून येणाऱ्या रकमेवर जानेवारी २०२०पासून दुकानदाराला शुल्क नाही. धंद्याचं बचत खातं घरखर्चापासून वेगळं ठेवा, नाहीतर महिनाअखेरीला नफा कळतच नाही. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. बनावट चित्र मिनिटात तयार होतं. स्वतःच्या ॲपमध्ये जमा दिसली की मगच लेबल बदला. आणि कुणी 'पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका' म्हणालं तर तिथेच थांबा: पिन फक्त पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही.

बऱ्याच जणांचा नफा पोस्टेजमध्ये विरघळतो. कुरिअरवाले खरं वजन आणि आकारावरचं वजन यांपैकी जास्त असेल ते धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५०००ने भागायचं. अर्धा किलो चकली ३० × २० × १५च्या खोक्यात घातली तर ९००० भागिले ५०००, म्हणजे १.८ किलोचे पैसे. तीच २० × १५ × १०च्या खोक्यात ०.६ किलो. माल तोच, आणि आकारणी तिप्पट! म्हणून आधी खोके ठरवा, मग त्यात बसणारे डबे, आणि शेवटी पाकिटाचं वजन. दीड किलोच्या एका खोक्यात तीन वस्तू बसत असतील तर 'तीन घ्या, पोस्टेज एकाचंच' हे आश्वासन तोट्याशिवाय देता येतं.

भरताना चकली पूर्ण गार हवी. तळणीतून काढून चार-पाच तास चाळणीवर पसरून ठेवा; कोमट असताना बंद केली तर आतल्या वाफेने ती दुसऱ्या दिवशी मऊ पडते आणि दोष भाजणीला जातो. गोल डब्यात चकल्या आडव्या रचा, दर थरामध्ये बटर पेपर, आणि झाकणाखाली उरलेली पोकळी चुरगळलेल्या कागदाने भरा. मोडतोड धक्क्याने कमी, आतल्या हलण्याने जास्त होते. खोका बंद करून कानाशी हलवून बघा. खडखड ऐकू आली तर उघडा आणि पुन्हा भरा. अनारसे आणि करंज्या लांब पाठवायचं कबूलच करू नका. शेव, चिवडा, शंकरपाळे, मेतकूट निर्धास्त पाठवा.

कागदपत्रांत टाळाटाळ नको. घरून खाद्यपदार्थ विकायलाही एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेची) नोंदणी लागते, लहान उत्पादकाला साधी नोंदणी पुरते, आणि तिचा १४ आकडी क्रमांक लेबलवर यायला हवा. त्यासोबत शाकाहाराची हिरवी खूण, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, एककाची किंमत (दर ग्रॅमला किती), तयार केल्याची तारीख, कोणत्या तारखेपर्यंत वापरायचं ते, नाव-पत्ता आणि तक्रारीचा नंबर. जीएसटीची मेख राज्याच्या सीमेवर आहे. महाराष्ट्रात मालाच्या विक्रीला ४० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण करपात्र माल राज्याबाहेर विकला तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. मराठी फराळाची मागणी बेळगाव, पणजी, इंदूर, बडोदा, हैदराबादेतून येते, आणि तिथेच लोक अडकतात. पापडाला कर नाही, त्यामुळे फक्त पापड विकणाऱ्याला ही अडचण येत नाही; चकली आणि मसाल्याला येते. नोंदणी होईपर्यंत कॅटलॉगात 'फक्त महाराष्ट्रात' असं लिहा.

मीशोसारख्या ऑनलाइन बाजारपेठांवर अनोळखी गिऱ्हाईक मिळतं, आणि १ ऑक्टोबर २०२३पासून जीएसटी नसलेल्यालाही तिथे राज्यांतर्गत माल विकता येतो. पण गिऱ्हाइकाचा नंबर तुमच्याकडे राहत नाही, आणि भावाची चढाओढ मशिनवर काढलेल्या चकलीशी असते. स्वतःची वेबसाइट दुसऱ्या वर्षी बघावी.

अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपच्या गप्पांचा बॅकअप गुगल खात्याच्या फुकट १५ जीबी जागेत मोजला जातो. गिऱ्हाइकांनी पाठवलेले व्हिडिओ त्यातून वगळा, नाहीतर जागा भरते, बॅकअप गुपचूप थांबतो आणि फोन बिघडल्यावर कळतं. दिवाळीआधी हे एकदा तपासा. त्याच सुमारास ऑर्डर बंद करण्याची तारीख स्वागत-संदेशात घाला: राज्यातल्या पार्सलांसाठी नरकचतुर्दशीच्या दहा दिवस आधी, गावातल्या घरपोचीसाठी चार दिवस आधी. त्या रात्री फराळाच्या सगळ्या नोंदी लपवा आणि कॅटलॉगात फक्त मसाले आणि भाजणी राहू द्या.